वहीतला आकडा आणि जमिनीतला पाइप

एप्रिलच्या दुपारी भातखाचराची माती इतकी वाळलेली असते की मीटरचा काटा हलत नाही. म्हणून आधी बाटलीतले पाणी ओतायचे, ते मुरू द्यायचे आणि त्या ओल्या जागेत हाफ सेल रोवायचा. हाफ सेल म्हणजे वीतभर लांबीची नळी. आत मोरचुदाचे निळे पाणी, मध्ये तांब्याची कांडी, तळाला सच्छिद्र टोक. मीटरची एक वायर या नळीला, दुसरी बांधावरच्या खांबाच्या डबीतून वर आलेल्या तारेला. ती तार खाली मीटर-दीड मीटरवर पुरलेल्या पोलादी पाइपला जोडलेली असते. मल्टिमीटरवरचा आकडा थोडा वरखाली होतो आणि थांबतो. उणे १.०२ व्होल्ट. पथकातला एक जण तो मोठ्याने सांगतो, दुसरा वहीत लिहितो आणि दोघे पुढच्या खांबाकडे चालू लागतात.

एवढे करायला पाच मिनिटे लागतात. नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनला गंजापासून वाचवण्यासाठी जगभर जे कायदे आणि नियम झाले, त्यांचा मोठा भाग या पाच मिनिटांच्या भरवशावर उभा आहे. ती पाच मिनिटे खरोखर दिली गेली का, आकडा वाईट आला तर पुढे कोणी काय केले आणि हे सगळे तपासायला आलेल्या सरकारी माणसाने नेमके काय पाहिले, हे तीन प्रश्न म्हणजे या पुस्तकाचा विषय. मी आयुष्यभर हेच खांब मोजत फिरलो, म्हणून लेखकाने प्रस्तावना माझ्याकडून मागितली असावी. मी ती आनंदाने लिहीत आहे, कारण या विषयावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे आणि गॅसच्या मोठमोठ्या लाइनी तर उरणपासून नागपूरपर्यंत मराठी माणसाच्या शेतांखालून जातात.

गंज आपल्याला नवा नाही. कोकणात पावसाळ्याआधी कड्याकोयंड्यांना तेल देतात, खिडक्यांच्या गजांना रंग काढतात. पण तो गंज डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. जमिनीखालच्या पाइपचा गंज वेगळा. पाइपवर प्लास्टिकचे जाड कोटिंग असते. टाकताना ते कुठेतरी दगडाने खरचटते, कुठे वेल्डिंगच्या सांध्यावर नीट बसत नाही. तेवढ्या नखाएवढ्या उघड्या जागेवर ओली माती पोलादाला भिडते आणि एक छोटी बॅटरी तयार होते. लोखंड विरघळू लागते. सगळा पाइप सारखा झिजत नाही. एकाच ठिकाणी खड्डा पडतो आणि खोल होत जातो. बाकी किलोमीटरभर पाइप नवाकोरा असला तरी त्या एका खड्ड्यापुढे तो निरुपयोगी ठरतो.

यावरचा उपाय जुना आहे. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने १८२४ साली जहाजाच्या तळावरचे तांबे वाचवण्यासाठी त्याला लोखंड-जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. स्वस्त धातू झिजला, तांबे वाचले. शंभर वर्षांनी, १९२८ साली, रॉबर्ट कून या अभियंत्याने अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सजवळच्या गॅस पाइपलाइनवर हेच तत्त्व वापरले. बाहेरून विजेचा हलका प्रवाह देऊन सगळा पाइपच त्याने ऋण बाजूला ढकलला. मोरचुदाच्या हाफ सेलने मोजले असता पाइपचा आकडा उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असला की गंज जवळपास थांबतो, हे त्याने सांगितले. आज भारतात, अमेरिकेत, जवळजवळ सगळीकडे हाच आकडा चालतो. आमच्या धंद्यात याला नुसते ‘सीपी’ म्हणतात, कॅथोडिक प्रोटेक्शन. पाइपलाइनच्या कडेला काही किलोमीटरवर जी बंद खोली दिसते, तिच्यात हा प्रवाह पुरवणारा रेक्टिफायर असतो.

अमेरिकेच्या संघीय नियमांत या मोजणीचे वेळापत्रक आहे. प्रत्येक खांबावर दर कॅलेंडर वर्षात एकदा, पण दोन मोजण्यांत १५ महिन्यांहून जास्त अंतर नको. रेक्टिफायर वर्षातून सहा वेळा, पण अंतर अडीच महिन्यांहून जास्त नको. या ‘पण’कडे वाचकाने थांबून पाहावे. फक्त ‘वर्षातून एकदा’ एवढेच लिहिले असते तर यंदाच्या जानेवारीत एक मोजणी आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात दुसरी, अशी तेवीस महिन्यांची सुट्टी कायदेशीर ठरली असती. नियम लिहिणाऱ्याने माणसाचा स्वभाव ओळखला आणि पळवाट आधीच बुजवली. नियम चांगला लिहिणे म्हणजे काय, याचे यापेक्षा सोपे उदाहरण मला माहीत नाही.

मात्र त्याच नियमावलीत मोजणीनंतर दोष सापडला तर तो ‘तातडीने’ दुरुस्त करावा, एवढेच अनेक दशके लिहिलेले होते. तातडीने म्हणजे किती दिवसांत? मोठ्या वहन-लाइनींसाठी त्याची मुदत २०२२ च्या सुधारणेत आली. दुरुस्तीची योजना सहा महिन्यांत आणि काम साधारण वर्षाच्या आत. मोजायला तारीख होती, दुरुस्त करायला नव्हती. अंमलबजावणी कुठे ढिली पडते ते इथे दिसते.

एक अनुभव सांगतो. ज्या कंपनीचा आहे तिचे नाव घेत नाही. घटना जुनी आहे आणि तिथली माणसे आता बदलली आहेत. रायगड जिल्ह्यातल्या एका लाइनीच्या तपासणीला मी गेलो होतो. वही सुरेख होती. शिक्के, सह्या, तारखा, सगळे जागच्या जागी. एका खांबाचे आकडे चाळताना मी अडलो. ओळीने आठ नोंदी आणि प्रत्येक वेळी उणे १.१२. मे महिन्यात १.१२, ऑगस्टात १.१२. माती कोरडी असो की गुडघाभर पाण्याखाली, आकड्याला फरकच नाही. असे होत नसते. शेजारच्या खांबांचे आकडे ऋतूप्रमाणे हलत होते. मी त्या खांबापाशी गेलो, डबीचे झाकण उघडले. आत तार नव्हती. भंगारासाठी कोणीतरी ती ओढून नेली होती आणि डबीत मुंग्यांनी वारूळ केले होते. वारूळ ताजे नव्हते.

ज्या मुलाने ते आकडे लिहिले त्याला मी विचारले. तो कंत्राटी होता. दिवसाला ठरलेले खांब पूर्ण केले नाहीत तर मजुरी कापली जाई. तार नाही असे त्याने पहिल्या वेळी वरिष्ठांना सांगितले होते. दुरुस्ती झाली नाही, पण रकाना रिकामा का, अशी विचारणा मात्र झाली. तेव्हापासून त्याने रकाना रिकामा ठेवला नाही. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो त्या वहीवर दर तिमाहीला सही करणाऱ्यांचा, ज्यांना आठ वेळा तोच आकडा खटकला नाही. आणि थोडा त्या तपासनिसांचाही, ज्यांनी वही पाहिली आणि खांब पाहिला नाही.

तिथे अपघात झाला नाही. आठवडाभरात तार बसली, मोजणी झाली, पाइप सुस्थितीत निघाला. पण हे कळायला तो खांब उघडावा लागला.

ही झाली बाहेरच्या गंजाची गोष्ट. सीपीचा आकडा उत्तम असला म्हणजे पाइप सुरक्षित, असा समज कंपन्यांतच नव्हे तर तपासणाऱ्यांतही असतो. तो चुकीचा आहे. सीपी पाइपच्या बाहेरच्या अंगाला वाचवते. आतल्या अंगाला तिचा काही उपयोग नाही. आत जर पाणी शिरले, सोबत कार्बन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड आले, जिवाणू वाढले, तर पाइप आतून कुरतडला जातो आणि वरच्या खांबावर आकडा मात्र निर्दोष दिसत राहतो.

न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाडजवळ हेच झाले. तारीख १९ ऑगस्ट २०००, शनिवार, पहाटेचे ५ वाजून २६ मिनिटे. पेकोस नदीच्या काठी एल पासो नॅचरल गॅस कंपनीची ३० इंची लाइन फुटली. १९५० साली टाकलेली. जमिनीत सुमारे ११३ फूट लांब आणि ५१ फूट रुंद खड्डा पडला. पाइपचा ४९ फुटांचा तुकडा तीन भागांत उडाला, त्यातला सर्वांत मोठा भाग २८७ फुटांवर जाऊन पडला. आग ५५ मिनिटे जळत होती. सुमारे दोनशे मीटरवर, नदीवरच्या पुलाखाली, एक मोठे कुटुंब आणि त्यांचे आप्त तंबू टाकून राहिले होते. शनिवार-रविवारची सुट्टी, नदीचा काठ, मासेमारी. ते बाराच्या बारा जण गेले. त्यांत लहान मुलेही होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००३ मध्ये अहवाल दिला. तो आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. फुटलेल्या जागी पाइपच्या भिंतीची जाडी काही ठिकाणी ७२ टक्क्यांनी घटली होती आणि ती आतून घटली होती. ते कसे झाले याची साखळी साधी आहे. लाइन साफ करण्यासाठी आतून ‘पिग’ सोडतात. गॅसच्या दाबाने पुढे सरकणारा हा बोळा साचलेले पाणी, तेल, गाळ ढकलत नेतो. या लाइनीत पिग एका व्हॉल्व्हपर्यंतच येत असे. त्यापुढचा भाग पिग जाऊ शकेल असा बांधलेलाच नव्हता. ढकलून आणलेला द्रव गोळा व्हावा म्हणून पुढे खाली एक टाकी जोडलेली होती, तिला ‘ड्रिप’ म्हणतात. ती गाळाने अर्धवट चोंदली होती. त्यामुळे काही द्रव तिला ओलांडून पुढे गेला आणि लाइन जिथे उतरते त्या सखल जागी साचला. तिथे वर्षानुवर्षे खड्डे पडत गेले. पिग पोहोचत नाही, ड्रिप चोंदलेली आणि सखल भाग कोणी तपासलेला नाही. तीन गोष्टी एका रेषेत आल्या.

मंडळाने कंपनीच्या गंजनियंत्रणावर दोष ठेवलाच. त्याबरोबर असेही नमूद केले की अपघाताआधीच्या संघीय तपासण्यांत ही त्रुटी पकडली गेली नाही, आणि आतल्या गंजाबाबत कंपन्यांनाच नव्हे तर तपासणी करणाऱ्यांनाही पुरेसे मार्गदर्शन नियमांत नव्हते. म्हणजे तपासनीस येत होते, तपासण्या होत होत्या, पण काय विचारायचे हेच त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नियमातला एक छोटा शब्द. ‘जर गंज आणणारा गॅस वाहून नेला जात असेल, तर’ आत धातूच्या चाचणी-पट्ट्या ठेवून त्या वर्षातून दोनदा, साडेसात महिन्यांच्या आत तपासाव्यात, असा तो नियम. सगळी गोम त्या ‘जर’मध्ये आहे. आमचा गॅस कोरडा, करारात तसे लिहिले आहे, म्हणजे तो गंज आणत नाही, म्हणजे हा नियम आम्हाला लागू नाही. अशी ही उतरंड. गॅस खरोखर कोरडा आहे का, हे मोजल्याशिवाय ‘जर’चे उत्तर देता येत नाही. आणि ‘जर’चे उत्तर ‘नाही’ असे आधीच गृहीत धरले की मोजण्याचे कारणच उरत नाही. २००७ साली नव्या लाइनींच्या आराखड्यात पाणी साचू नये अशी रचना करण्याचा नियम आला आणि २०२२ मध्ये गॅसमधल्या गंजकारक घटकांवर लक्ष ठेवण्याचा वेगळा नियम जोडला गेला. ‘जर’ आता थोडा आवळला गेला आहे.

एल पासोवर २००१ मध्ये २५ लाख डॉलरांहून थोडा जास्त दंड प्रस्तावित झाला. २००७ मध्ये न्यायालयीन तडजोडीत कंपनीने १ कोटी ५५ लाख डॉलर दंड भरण्याचे आणि लाइनींच्या सुधारणेवर ८ कोटी ६० लाख डॉलर खर्च करण्याचे मान्य केले. माझ्या मते या दोन आकड्यांतला दुसरा अधिक मोलाचा. दंड तिजोरीत जातो. सुधारणेचा खर्च पाइपपर्यंत पोहोचतो, पिग जाऊ शकेल अशी लाइन बांधतो. अंमलबजावणीचा आदेश कसा असावा, याचा धडा यात आहे.

आता आपल्याकडे येऊ. २७ जून २०१४, पुन्हा पहाटच. आंध्र प्रदेशात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातले नगरम हे गाव, ताटिपाकाच्या तेलशुद्धीकरण केंद्राला लागून. ‘गेल’ या गॅस कंपनीची १८ इंची लाइन गळली, गॅस नारळीच्या बागांतून आणि घरांमधून पसरला आणि ठिणगी मिळताच भडकला. वीसहून अधिक माणसे गेली, बागा उभ्या जळाल्या. चौकशीत जे बाहेर आले ते वाचताना मला कार्ल्सबाड आठवले. कोरड्या गॅससाठी असलेल्या लाइनीतून पाणी आणि कंडेन्सेट असलेला ओला गॅस जात होता. पाइप आतून गंजला होता. चौदा वर्षांचे अंतर, दोन खंड, आणि तोच ‘जर’.

आपल्याकडे नियम नव्हते असे नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा २००६ चा, नैसर्गिक वायूच्या लाइनींची तांत्रिक आणि सुरक्षा मानके २००९ ची, पाइपलाइनच्या एकसंध सुस्थितीची नियमावली २०१२ ची. तिन्ही नगरमच्या आधीची. कायद्यात उल्लंघनाला एक कोटी रुपयांपर्यंत आणि उल्लंघन चालू राहिल्यास दिवसाला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कागद पुरेसा आहे. कमी आहे ती कागदाच्या पलीकडे जाऊन डबीचे झाकण उघडणारी तपासणी. तपासनिसाने कंपनीने दाखवलेले खांब न पाहता स्वतः चिठ्ठी काढून दहा खांब निवडावेत आणि समोर मोजून घ्यावेत. वहीत सलग सारखे आकडे दिसले की तिथेच थांबावे. गॅसमधल्या पाण्याची नोंद मागावी, आणि ती नसेल तर तोच दोष मानावा. ड्रिपमधून गेल्या वर्षात किती द्रव निघाला, तो प्रयोगशाळेत पाठवला का, हे विचारावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. माणसे लागतात, त्यांना शिकवावे लागते आणि त्यांना उन्हात हिंडायला वेळ द्यावा लागतो.

हे पुस्तक नेमके तेच शिकवते. लेखकाने प्रत्येक नियमाखाली तो कसा पाळायचा, खोटा कसा पाळला जातो आणि तो खोटेपणा कसा ओळखायचा हे लिहिले आहे. सीपीवरच्या प्रकरणात प्रवाह चालू असतानाचा आकडा आणि तो क्षणभर बंद केल्यावरचा आकडा यांतला फरक इतका स्वच्छ समजावला आहे की आयटीआयचा विद्यार्थीही तो विसरणार नाही. चालू प्रवाहात मातीच्या विरोधाने आकडा फुगतो आणि पाइप आहे त्याहून सुरक्षित भासतो. वीजवाहिन्या आणि विजेवर चालणारे रेल्वेमार्ग शेजारून जातात तिथे आकडे कसे भरकटतात, हेही इथे मिळेल. आमच्या पिढीला हे चुका करून शिकावे लागले.

एका मुद्द्यावर मात्र मी लेखकाच्याही पुढे जाईन. अमेरिकेत जास्त माणसे असतील अशा जागांवर लाइनीची कडक तपासणी होते. मोकळ्या जागांसाठी त्यांचा निकष असा की वर्षात किमान ५० दिवस २० किंवा अधिक माणसे तिथे जमतात. नदीकाठची करमणुकीची ठिकाणे, तंबूंच्या जागा त्यात बसू शकतात. कार्ल्सबाडनंतर हे व्हायलाच हवे होते. पण हा निकष आपल्याकडे जसाच्या तसा आणला तर आपली गावजत्रा त्यातून निसटेल. जत्रा दोन दिवसांची असते, वारीचा मुक्काम एका रात्रीचा. त्या एका रात्री एका माळावर हजारो माणसे झोपलेली असतात. पन्नास दिवसांच्या मोजपट्टीत तो माळ रिकामाच दिसेल. आपल्या लाइनींचे नकाशे आपल्या पंचांगाशेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

शेवटी शेतकऱ्याबद्दल. १९६२ च्या कायद्याने पाइपलाइनसाठी जमिनीचा वापरहक्क घेतला जातो, मालकी शेतकऱ्याकडेच राहते. त्याने तिथे घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाडे लावायची नाहीत, शेती मात्र करायची. म्हणजे पाइपच्या सर्वांत जवळ रोज वावरणारा माणूस तोच. त्याच्या बांधावरच्या खांबाचा आकडा काय आला, हे त्याला कोणी सांगत नाही. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतून लाइन जाते, त्यांना वर्षातून एकदा मराठीत, एका पानावर कळवले जावे: कोणते खांब मोजले, कोणते नादुरुस्त सापडले, दुरुस्ती कधी झाली. नियामक मंडळाने असा आदेश काढावा, अशी माझी मागणी आहे.

आणि वाचकाला एक विनंती. लांब पल्ल्याच्या लाइनीतल्या गॅसला बहुधा वास नसतो, वास शहरात वाटपाआधी घालतात. म्हणून नाकावर विसंबू नका. शेतातल्या साचलेल्या पाण्यात एकाच जागी बुडबुडे येत असतील, पिकाचा एक पट्टा विनाकारण करपला असेल, जमिनीतून फुसफुस ऐकू येत असेल, तर बिडी-काडी पेटवू नका, मोटर चालू करू नका, लांब जा आणि मग फोन करा. तो नंबर पाइपलाइनच्या खुणेच्या पाटीवर लिहिलेला असतो. तुमच्या बांधावर अशी पाटी असेल तर तो नंबर अजून वाचता येतो का, एवढे आज पाहून घ्या. पुसला असेल तर कंपनीला आणि तहसील कचेरीला लेखी कळवा, आणि पोच मागून घ्या.